हॉकीचे मैदान आणि दूरदर्शनचा पडदा

मी खेळाडू नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. शाळेत हुतूतूच्या संघात मला घेत ते सातवा गडी कमी पडला तरच. आणि पुढे चिंचवडला कारखान्यात लागल्यावर तीन पाळ्यांच्या रहाटगाडग्यात पायांना धावण्याची सवयच उरली नाही. पण खेळ पाहण्याचा, ऐकण्याचा आणि त्यावर तावातावाने बोलण्याचा नाद मात्र सुटला नाही. १९७४ साली शिकाऊ कामगार म्हणून आलो आणि २०१३ साली निवृत्त होऊन बाहेर पडलो. या अवधीत खेळ किती बदलला, त्याहून तो पाहण्याची रीत किती बदलली, हे एका बघ्याच्या जागेवरून जसे दिसले तसे सांगणार आहे.

आमच्या खात्यात खडकीहून येणारे एक वयस्कर फिटर होते. घराणे तमिळ, पण तीन पिढ्या खडकीत गेलेल्या. मराठी आमच्याइतकीच चोख, शिव्यांच्या बाबतीत अंमळ सरसच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचे एक मत होते आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. "हॉकी या टीव्हीने मारली!" मी म्हणे, "अण्णा, टीव्हीचा काय दोष? हॉकीला हिरवळीने मारलं, त्या प्लास्टिकच्या हिरवळीनं." हा वाद आम्ही वीस वर्षे चहाच्या टपरीवर घातला. अण्णा आता नाहीत, म्हणून त्यांची बाजूही आज मलाच मांडली पाहिजे.

हॉकी आमच्याकडे आली ती खडकीच्या वाटेने. इंग्रजी फौजेबरोबर हा खेळ देशभरच्या छावण्यांतून पसरला. कलकत्त्याची बेटन चषक स्पर्धा १८९५ सालची, मुंबईची आगाखान स्पर्धा त्यानंतर वर्षभरातली. खडकीला बाँबे सॅपर्सची छावणी, १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना, आणि त्या दोहोंच्या मधे मोकळी मुरमाड मैदाने. तेथे साहेबाचे पाहून शिपाई खेळू लागला, शिपायाचे पाहून कारखान्यातला कामगार, आणि कामगाराचे पाहून त्याची पोरे. तमिळ, तेलुगू, गोवेकर, अँग्लो-इंडियन, मराठी अशी सगळी सरमिसळ त्या वस्त्यांत होती.

नदीच्या अलीकडे, दापोडीचा पूल ओलांडला की, चित्र निराळे होते. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे क्षेत्र, पिंपरी, भोसरी, आकुर्डी ही शेतकऱ्यांची गावे. येथले खेळ म्हणजे कुस्ती, हुतूतू, आट्यापाट्या, विटीदांडू. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनच्या निमित्ताने पिंपरीचे नाव देशभर गेले. मग साठाच्या दशकात आकुर्डीला स्कूटर आली, पिंपरीला टेल्को आली, आणि औद्योगिक विकास महामंडळाने आखलेल्या भूखंडांवर एकेक भोंगा वाजू लागला. पंजाबी, केरळी, कोल्हापूरकर, मराठवाडकर अशी माणसे आली आणि आपापले खेळ पिशवीत घालून आली.

येथे एक गोष्ट मधेच सांगितल्यावाचून राहवत नाही. मुरलीकांत पेटकर हे आमच्या पट्ट्यात टेल्कोत नोकरी केलेले गृहस्थ. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला हा जवान ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकून आला. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७२ ला. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे हा माणूस आमच्यातच वावरत होता. पडद्यावर न दिसलेला पराक्रम किती दिवस अंधारात राहतो याचे याहून मोठे उदाहरण माझ्यापाशी नाही, आणि अण्णा हे उदाहरण नेहमी माझ्या तोंडावर मारीत.

आता रेडिओबद्दल. १५ मार्च १९७५, शनिवार. आमच्या भागात वीज वाचवण्यासाठी सुट्टी गुरुवारची, म्हणजे शनिवार कामाचा. पण माझी रात्रपाळी असल्याने दुपारी मी खोलीवर होतो. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत आणि पाकिस्तान. एका ट्रान्झिस्टरभोवती आम्ही अकरा-बारा जण, आणि आतून जसदेवसिंगांचे धावते वर्णन. ज्यांनी ते ऐकले त्यांना निराळे सांगायला नको. ज्यांनी ऐकले नाही त्यांना सांगून कळणार नाही. चेंडू एका काठीवरून दुसरीवर जायला जितका वेळ, तितकाच वेळ शब्दाला. पाकिस्तानने आधी गोल केला, सुरजितसिंगने बरोबरी साधली, आणि मग ध्यानचंदांचा मुलगा अशोककुमार याने तो गोल केला. चेंडू गोलाच्या खांबाच्या कोपऱ्याला लागून बाहेर आला. पाकिस्तानचे म्हणणे गोल झालाच नाही, पंचांनी दिला. दोन विरुद्ध एक.

गंमत पाहा, तो गोल आमच्यापैकी कोणी पाहिला नाही, तरी आम्ही सगळ्यांनी पाहिला. चेंडू आत गेला की नाही याबद्दल आमच्या खोलीत कोणालाही तिळमात्र शंका नव्हती. मला वाटते, हॉकीसारखा वेगवान खेळ रेडिओला जसा मानवला तसा पडद्याला कधीच मानवला नाही. सत्तर मिनिटांचा खेळ, मधे एकच विश्रांती, चेंडू मूठभर आणि सतत पळता. कृष्णधवल पडद्यावर तो शोधता शोधता डोळे दुखत आणि तेवढ्यात गोल होऊन जाई.

क्वालालंपूरचा आनंद ओसरायच्या आत १९७६ चे माँट्रियल आले. ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि १९२८ पासून दर ऑलिंपिकला काही ना काही पदक आणणारा आपला संघ सातवा आला. माझे मत घडले ते त्या वर्षी. मुरमाच्या किंवा गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडखळतो. तो काठीवर थोपवण्याची, दोन इंचांत फिरवण्याची नजाकत ही आपली मिरास. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ आणि सणसणीत जातो. तेथे छाती हवी, दम हवा, मनगटातला फटका हवा. बरे, शिकून घ्यावे म्हटले तर असे मैदान घालायला पैका लागतो, त्यावर पाणी शिंपावे लागते. खडकीच्या पोराने ते आणायचे कोठून? युरोपात गावोगावी असली मैदाने झाली, आणि आपल्याकडे मोठ्या शहरात एखादे व्हायलाही वर्षे लागली.

१९८० साली मॉस्कोला सुवर्णपदक मिळाले खरे, पण बरेच बलवान देश बहिष्कारामुळे आलेच नव्हते. आणि मग १९८२ उजाडले.

आमच्या गावाच्या दृष्टीने हे वर्ष मोठे नवलाचे. १९७० साली झालेल्या नगरपालिकेची ऑक्टोबर १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला. पिंपरी कँपातील एका सिंधी दुकानदाराने दुकानाच्या काचेत एक रंगीत संच लावून ठेवला होता. १ डिसेंबरला, पहिली पाळी सुटल्यावर, आम्ही डब्याच्या पिशव्या काखोटीला मारून त्या काचेसमोर उभे राहिलो. पुरुषांचा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. सात विरुद्ध एक! एकेक गोल होत गेला तसा एकेक माणूस मागच्या मागे सटकला. गोलरक्षक मीररंजन नेगी याच्यावर लोकांनी नाही नाही ते आरोप केले. बिचाऱ्याचे पुढले आयुष्य त्या एका दुपारीने काळवंडले. १९७५ चा विजय देशाने कानांनी ऐकला होता, १९८२ चा पराभव देशाने डोळ्यांनी पाहिला, तोही रंगीत. अण्णा म्हणत, "हाच तो दिवस! त्याच दिवशी मेली हॉकी. लोकांनी तोंड फिरवलं ते फिरवलं." आणि पुढच्याच जूनमध्ये, २५ तारखेला, कपिलदेवने लॉर्ड्सवर चषक उचललेला याच पडद्याने दाखवला. अण्णांच्या म्हणण्यात काही नव्हते असे मी आता म्हणणार नाही.

पण त्याच दिल्लीत, त्याच खेळांत, आणखी एक गोष्ट घडली. आशियाई खेळांत महिलांची हॉकी प्रथमच होत होती आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्यांची कर्णधार कोण होती? एलिझा नेल्सन. जन्माने पुण्याची. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्येही ती खेळली होती. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, पद्मश्री दिली. मी आमच्या खात्यात अनेकांना विचारून पाहिले आहे: सात-एक सगळ्यांना पाठ, एलिझाचे नाव चार जणांनाही सांगता येत नाही. आपल्या पुण्याची मुलगी संघाची पुढारी म्हणून सुवर्णपदक घेते आणि आपण काचेसमोरून सटकतो ते कायमचे, याची मला स्वतःला लाज वाटते. टीव्ही तेव्हाही चालू होता. बघे आम्हीच होतो.

खडकीच्या मातीत हॉकी मेली नव्हती, हे पुढे धनराज पिल्ले याने दाखवले. १९६८ चा जन्म, वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे, घरात भावंडे आणि ओढग्रस्त. मोडक्या काठ्या दोरीने बांधून, टाकून दिलेले चेंडू घेऊन कारखान्याच्या वसाहतीत ही पोरे खेळली. तो मुलगा चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई खेळ खेळला. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली आपण आशियाई सुवर्णपदक परत आणले. पडद्यावर धनराज धावू लागला की, केस उडताहेत, चेंडू काठीला चिकटलेला, असा तो सगळ्यांना लांबून ओळखू येई. अण्णा त्या दिवशी मिठाई घेऊन आले होते आणि हॉकी मेल्याचे त्या दिवसापुरते विसरले होते.

आता बेसबॉल. तुम्ही म्हणाल, चिंचवडच्या फिटरला बेसबॉलशी काय कर्तव्य? त्याला कारण रात्रपाळी. नव्वदच्या दशकात केबल आली, तिच्याबरोबर परदेशी क्रीडावाहिन्या आल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना संपतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मी तिसरी पाळी करून सातच्या सुमारास घरी येई. घरची मंडळी पाणी भरण्याच्या आणि मुलांना शाळेत धाडण्याच्या गडबडीत. मी कपात चहा घेऊन पडद्यासमोर. लागलेले असे ते बेसबॉलचे शेवटचे डाव. पहिले सहा महिने काही कळले नाही. मग हळूहळू उलगडले की हा आपल्या विटीदांडूचाच श्रीमंत चुलतभाऊ: टोला हाणायचा, झेल चुकवायचा, आणि धावायचे. फरक एवढाच, की आपली विटी आपणच उडवतो आणि त्यांच्या अंगावर चेंडू दुसरा फेकतो, साडेसाठ फुटांवरून.

आणि एक लक्षात आले. हा खेळ जणू पडद्यासाठीच घडवलेला. फेकणारा आणि मारणारा एका रेषेत. कॅमेरा मागे ठेवला की सारे नाट्य त्या एका चौकटीत मावते. प्रत्येक चेंडूनंतर उसंत, प्रत्येक अर्ध्या डावानंतर मोठी उसंत, आणि त्या उसंतीत साबण, मोटार, बिअर काय हवे ते विका. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनंतर हीच सोय. हॉकीत कोठली उसंत? जाहिरातवाल्याने शिरायचे कोठून? पुढे हॉकीवाल्यांनाही हे उमगले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला मैदान निळे आणि चेंडू पिवळा केला, पडद्यावर दिसावा म्हणून. नंतर दोन अर्धांचे चार तुकडे केले, पंधरा-पंधरा मिनिटांचे. मला स्वतःला ते चार तुकडे अजून गिळवत नाहीत. लांब पल्ल्याच्या गाडीला प्रत्येक नाक्यावर थांबा दिल्यासारखे वाटते.

पण बेसबॉलचा इतिहास वाचू लागलो तेव्हा अण्णांची आठवण झाली. अमेरिकेत बेसबॉलचे पहिले धावते वर्णन रेडिओवर झाले ५ ऑगस्ट १९२१ ला पिट्सबर्गहून. रेडिओने त्या खेळाचे नुकसान केले नाही, उलट घरोघर नेला. २६ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावरून पहिला व्यावसायिक सामना टीव्हीवर दिसला, दोन कॅमेऱ्यांनी. आणि महायुद्धानंतर संच घरोघर पोहोचल्यावर काय झाले? मोठ्या संघांचे काही बिघडले नाही. पण गावोगावच्या लहान संघांच्या सामन्यांना १९४९ साली वर्षाला सुमारे चार कोटी माणसे येत, ती १९५७ पर्यंत दीड कोटीवर आली. मोठा खेळ घरबसल्या दिसू लागल्यावर आपल्या गावच्या खेळाला तिकीट काढून कोण जाणार? अर्थात मोटारी, उपनगरे अशी इतरही कारणे होती. तरी मला ते आकडे वाचून चपापल्यासारखे झाले. मी वीस वर्षे म्हणत होतो की टीव्हीने हॉकी मारली नाही, आणि ते खरेच आहे. पण टीव्हीने घराजवळचे मैदान ओस पाडले, हेही खरे. आणि अण्णांना बहुधा तेच म्हणायचे होते. त्यांच्या डोळ्यांपुढे ऑलिंपिक नव्हतेच. रविवारी सकाळी खडकीच्या मैदानाच्या कडेला उभे राहणारे दोन-तीनशे लोक होते. हे मला उमगले तेव्हा सांगायला अण्णा राहिले नव्हते.

माझा पुतण्या चाकणला एका जपानी कारखान्यात आहे. जपानात बेसबॉल म्हणजे जीव की प्राण, आणि तेथे कंपन्यांचे स्वतःचे संघ असतात. अशा संघांची शहरवार स्पर्धा टोकियोत १९२७ पासून चालत आली आहे. त्याच्याकडे आलेल्या एका जपानी पाहुण्याने सहज विचारले, "तुमच्या कारखान्याचा संघ कोणता खेळ खेळतो?" पुतण्या म्हणाला, "आम्ही तासाच्या भाड्याने जाळीतलं क्रिकेट खेळतो, रात्री दहानंतर." पाहुण्याला ते समजावता समजावता त्याची पुरेवाट झाली. चाकण म्हणजे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी दीड-दोन महिने लढवलेला किल्ला. आज त्या किल्ल्याभोवती जर्मन, जपानी, देशी अशा मोटारींचे आणि टायरांचे कारखाने. एवढ्या विस्तारात तंबूएवढ्या जाळीत पोरे खेळतात, तीही पैसे मोजून. आमच्या वेळी ज्या रिकाम्या भूखंडांवर आम्ही गुरुवारी सकाळी सामने पाहिले, तेथे आता वाहने उभी असतात.

तरी सगळेच हातचे गेले आहे असे नाही. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचे महापालिकेचे हॉकी मैदान आहे, कृत्रिम हिरवळीचे. २०२१ च्या डिसेंबरात पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तेथे झाली, २०२४ च्या मार्चमध्ये महिलांची. महाराष्ट्राच्या मुली अंतिम फेरीला आल्या आणि हरयाणाकडून हरल्या. मी त्या स्पर्धेला गेलो होतो. सामन्याआधी पाण्याचे फवारे सुटतात, उन्हात क्षणभर इंद्रधनुष्य दिसते, आणि मग शिट्टी वाजते. प्रेक्षकांत खेळाडूंचे आईबाप, काही जुने खडकीकर, आणि माझ्यासारखे निवृत्त. फलटणच्या बाजूच्या मुली आता महाराष्ट्रातून पुढे येत आहेत. वैष्णवी फाळके तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला विचारले, "तुमची कोण खेळते यातली?" मी म्हटले, "कोणी नाही." त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले.

मागे टोकियोला आणि पॅरिसला पुरुषांनी लागोपाठ दोन कांस्यपदके आणली. जर्मनीविरुद्धचा ५ ऑगस्ट २०२१ चा पाच-चार असा सामना मी पडद्यावरच पाहिला, आणि शेवटच्या सहा सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा डोळे मिटून घेतले. आवाज मात्र चालू ठेवला होता.

जाता जाता एक योगायोग. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक स्टेडियमवर आपल्या संघाने अमेरिकेचा चोवीस विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. रूपसिंगचे दहा गोल, ध्यानचंदांचे आठ. त्याच स्टेडियमवर पुढे १९५८ पासून चार मोसम ब्रुकलिन सोडून आलेला डॉजर्स संघ बेसबॉल खेळला, कारण त्याचे स्वतःचे मैदान तयार व्हायचे होते. हा तोच संघ, ज्याच्या मैदानावरून १९३९ साली पहिला सामना टीव्हीवर दिसला होता. २०२८ चे ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसला ठरले आहे. हॉकी आहे, बेसबॉल परत येते आहे, आणि १९०० नंतर पहिल्यांदाच क्रिकेटही आहे. तेथे संध्याकाळी सातला जो सामना सुरू होईल तो आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसेल. तिसरी पाळी सातला सुटते. पिंपरीहून खडकीला पोहोचायला तेवढी वेळ पुरते, लोकल वेळेवर असली तर.